जुन्या लॅटिन ग्रंथाचे खर्डे: क्रम कसा लावायचा, साल कसं काढायचं

आमच्या गिरगावच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे ज्ञानेश्वरीची हस्तलिखित पोथी आहे. लाल फडक्यात बांधलेली, देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवलेली. पोथी शके 1506 ची आहे असं त्यांच्या सासऱ्यांनी घरात सांगून ठेवलं होतं, आणि साल शेवटच्या पानावर लिहिलेलंच आहे. मी पाहिलं. 'शके पंधराशे साहोत्तरी' अशी ओवी खरंच होती. पण ती एकनाथांची. ज्ञानेश्वरीचा पाठ आपण त्या साली, म्हणजे 1584 मध्ये, शुद्ध केला असं नाथांनी नोंदवलं, आणि त्यांच्या पाठावरून उतरवलेल्या प्रतींत ती ओवीही उतरत गेली. जवळच 'शके बाराशते बारोत्तरे' आहे. तो मूळ टीकेचा काळ, इ.स. 1290. काकूंच्या पोथीचा कागद मात्र निळसर, गिरणीत तयार झालेला, या दोन्हींच्या कितीतरी नंतरचा. एका पोथीत तीन काळ होते आणि घरातल्यांनी मधला उचलला होता.

मी गिरगावातल्या एका छापखान्यात 31 वर्षं मुद्रितशोधन केलं. माहेर वसईचं, ख्रिस्ती. लहानपणी देवळात मिस्सा, म्हणजे उपासनाविधी, लॅटिनमध्ये होई आणि आजीला 'पातेर नोस्तेर' ही प्रार्थना अर्थासकट पाठ होती. पुढे वसईतल्याच एका फादरांनी मला व्याकरण शिकवलं. निवृत्तीनंतर मी तेराव्या-चौदाव्या शतकातल्या लॅटिन शास्त्रग्रंथांकडे वळले, कारण त्यांची रचना मला ओळखीची वाटली: आधी पूर्वपक्ष, मग त्याला विरोधी वचन, मग सिद्धान्त, मग एकेका आक्षेपाला उत्तर. आपल्याकडचे शास्त्री याच चालीने लिहीत. हे लोक आपले ग्रंथ पुन्हा पुन्हा लिहीत. वर्गात शिकवत, सुधारत, खोडत, समासात भर घालत, आणि त्या मधल्या अवस्थांच्याही नकला बाहेर पडत. आज वेगवेगळ्या ग्रंथालयांत त्या नकला आहेत. कोणती नकल कोणत्या अवस्थेची, ती अवस्था केव्हाची, हे कसं काढायचं ते इथे सांगते. कलिन्यात तत्त्वज्ञानात एम.ए. करणारी शेजारची एक मुलगी शनिवारी दुपारी माझ्याकडे येते. तिने विचारलेल्या प्रश्नांवरूनच हे लिहायचं सुचलं.

तिचा पहिला प्रश्न होता, "मावशी, सगळ्यात जुनी प्रत घेतली की सगळ्यात जुना खर्डा मिळेल ना?"

नाही मिळणार. 1320 साली लिहिलेल्या प्रतीत लेखकाचा शेवटचा पाठ असू शकतो आणि 1450 च्या प्रतीत पहिला, कारण त्या पंधराव्या शतकातल्या लेखनिकासमोर योगायोगाने जुनी मूळ प्रत होती. म्हणून वहीत सुरुवातीलाच दोन वेगळे रकाने आखा. एक 'प्रत केव्हाची' आणि दुसरा 'पाठ केव्हाचा'. काम संपेपर्यंत हे दोन रकाने एकमेकांत मिसळू देऊ नका. काकूंच्या घरी नेमकं तेच झालं होतं.

पहिला रकाना भरायला डोळे लागतात आणि धीर लागतो. घरबसल्या तो बराचसा भरता येतो, कारण व्हॅटिकनसारख्या ग्रंथालयांनी हजारो हस्तलिखितांची छायाचित्रं सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. आधी पानाची आखणी बघा. नील केर या इंग्रज अभ्यासकाने 1960 मध्ये एक साधी गोष्ट दाखवून दिली. बाराव्या शतकातले लेखनिक आखलेल्या सगळ्यात वरच्या रेघेच्या वर पहिली ओळ लिहीत. तेराव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात ही सवय बदलली आणि पहिली ओळ वरच्या रेघेच्या खाली आली. लॅटिनचं एक अक्षर न वाचता ही खूण दिसते. मग अक्षराचं वळण पाहा, पण नुसत्या वळणावरून पंचवीस वर्षांपेक्षा बारीक काळ सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. माणूस तरुणपणी शिकलेल्या वळणानेच म्हातारपणीही लिहितो. प्रत कागदावर असेल तर जलचिन्ह शोधा, म्हणजे कागद उजेडात धरला की दिसणारी कारखान्याची खूण. ब्रिके यांनी 1907 मध्ये अशा 16,112 चिन्हांचा कोश छापला. त्यातलं चिन्ह तंतोतंत जुळलं तर काही वर्षांच्या आत पोचता येतं.

प्रतीच्या शेवटी साल असेल तर दोन शंका घ्या. लेखनिकाने ते स्वतःचं लिहिलंय, की समोरच्या प्रतीतून ज्ञानेश्वरीतल्या ओवीसारखं उतरवलंय? आणि त्या गावात वर्ष कधी सुरू होई? आपल्याला ही दुसरी शंका नवी नाही. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत 79 मिळवावे लागतात. पॅरिसमध्ये नवं वर्ष ईस्टरला सुरू होई. तिथल्या बिशपने काही मतांचा 1277 मध्ये केलेला निषेध पुढे थॉमस अक्वायनस या तेराव्या शतकातल्या पंडिताच्या मतांना लागू होईल तेवढ्यापुरता मागे घेतला गेला, त्या पत्रावर फेब्रुवारी 1324 आहे. आपल्या मोजणीने ते 1325. एका वर्षाचा हा फरक विसरलात तर दोन खर्ड्यांचा क्रम उलटा होऊ शकतो.

आता दुसरा रकाना. खरं काम इथेच आहे.

अख्खा ग्रंथ घेऊ नका. एकच प्रश्न, एकच अध्याय निवडा, जिथे प्रतींमध्ये मोठे फरक आहेत असं चिकित्सक आवृत्तीच्या, म्हणजे अनेक प्रती ताडून छापलेल्या आवृत्तीच्या, तळटीपांवरून दिसतं. प्रत्येक प्रतीला एक अक्षर द्या आणि वाक्यागणिक फरक लिहा. मी आडवी लांब वही वापरते, हिशेबाची. मग प्रत्येक फरकापुढे लिहा: हा हाताचा की डोक्याचा?

हाताचे फरक मी छापखान्यात रोज पाहिले. दोन ओळींचा शेवट सारख्या शब्दाने होत असला की कंपोझिटरचा डोळा एकीवरून दुसरीवर घसरतो आणि मधला मजकूर गळतो. शब्द दोनदा पडतो. 'न' राहून जातो आणि अर्थ उलटतो. लॅटिनमध्ये त्यात संक्षेपांची भर, कारण शब्दावर एक आडवी रेघ दिली की दोन-चार अक्षरं वाचणाऱ्याने मनात भरायची असत. असले फरक खर्ड्यांबद्दल काही सांगत नाहीत. कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली एवढंच सांगतात.

डोक्याचे फरक वेगळे. नवा युक्तिवाद येतो, एखादं उत्तर मागे घेतलं जातं, आधी ज्याचं मत मान्य होतं त्याच्यावर आक्षेप घेतला जातो. असं काम कंटाळलेला लेखनिक करत नाही. तरीही घाई नको: एखादा हुशार शिष्यही भर घालतो. भर घालणारा लेखकच आहे हे ठरवायला दुसरा पुरावा हवा. सर्वांत चांगला पुरावा म्हणजे लेखकाच्या स्वतःच्या हाताचा कागद, आणि थॉमस अक्वायनसच्या बाबतीत तो आपल्याला मिळाला आहे.

व्हॅटिकनमधलं 9850 क्रमांकाचं लॅटिन हस्तलिखित थॉमसच्या हातचं आहे. अक्षर इतकं अवघड की जुन्या काळापासून त्याला 'न वाचता येणारं अक्षर' असंच नाव पडलं. नवशिक्याने ते वाचायला जाऊ नये. जाणकारांनी केलेलं लिप्यंतर घ्यावं आणि छायाचित्र शेजारी ठेवून फक्त खोडाखोड बघावी. त्यात त्याच्या 'सुम्मा कोन्त्रा जेन्तिलेस' या ग्रंथाचा पहिल्या भागाच्या तेराव्या अध्यायापासून तिसऱ्या भागाच्या एकशेविसाव्या अध्यायापर्यंतचा मजकूर आहे, मध्ये मध्ये पानं गहाळ. पहिल्या भागाचा 53 वा अध्याय काढा. प्रश्न असा: ईश्वराची बुद्धी एकरूप, अविभाज्य, मग अनेक वस्तूंचं ज्ञान तिच्यात राहतं कसं? थॉमसने हा अध्याय तीनदा लिहायला घेतला. शेवटच्या पाठात तो एक भेद स्वच्छ मांडतो. बुद्धी ज्या रूपामुळे समजू लागते ते रूप वेगळं, आणि समजल्यावर ती स्वतःच्या आत जो अर्थ घडवते तो वेगळा. अडलेला माणूस आधीच्या पाठांत चाचपडताना दिसतो. मला हे पान फार प्रिय आहे. इतका मोठा पंडित, आणि दोनदा लिहिलेलं खोडून पुन्हा बसला.

या पानावर क्रम लावायला तर्क लागत नाही. खोडलेलं आधीचं, उरलेलं नंतरचं. साल काढायला मात्र अभ्यासकांनी चर्मपत्र आणि शाई बघितली. पहिल्या 53 अध्यायांचं मूळ लेखन ज्या प्रकारच्या चर्मपत्रावर आणि शाईत आहे, ते त्याच्या पॅरिसच्या दिवसांतल्या लेखनाशी जुळतं. पुढे दोन्ही बदलतात. 1259 च्या उन्हाळ्यात थॉमस पॅरिस सोडून इटलीकडे गेला. म्हणजे पहिला हात पॅरिसमधला, आणि पुढचा मजकूर व मागे वळून केलेल्या दुरुस्त्या इटलीतल्या. मुद्रितशोधकाला हे लगेच पटतं. आमच्याकडेही कोणती दुरुस्ती कोणत्या फेरीत झाली ते पेन्सिलीच्या आणि लाल-निळ्या शाईच्या रंगावरूनच कळे.

लेखकाच्या हातचा कागद नसेल तर पुढच्या खुणा शोधा. एका प्रतीत एखादा परिच्छेद समासात आहे, दुसरीत तोच मजकुराच्या ओळीत आहे, तिसरीत ओळीत आहे पण दोन वाक्यं पुढे, चुकीच्या जागी. मूळ वहीत तो समासातली भर होता हे नक्की, आणि ज्या चौथ्या प्रतीत तो नाहीच ती भर पडण्याआधीचा पाठ दाखवत असण्याची शक्यता मोठी. दुसरी खूण मोजणीची. 'याला तीन कारणं' असं म्हणून चार कारणं दिलेली असतील तर एक मागाहून आलं, आणि बहुधा ज्याची मांडणी बाकीच्यांपेक्षा लांब तेच. तिसरी खूण, माझ्या मते सर्वांत भरवशाची: 'वर सांगितल्याप्रमाणे' असं लिहिलंय आणि वर तसं काहीच नाही. वरचा भाग लेखकाने काढला, खालचा संदर्भ राहून गेला. छापखान्यात या एका वाक्याने मी लेखकांचे किती वगळलेले परिच्छेद ओळखले असतील, त्याची गणती नाही.

खोडण्याच्या पद्धतीही शिकून घ्या. आपल्या पोथ्यांमध्ये चुकलेल्या अक्षरांवर पिवळा हरताळ फासत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार त्यातूनच आला. चर्मपत्रावर चाकूने खरवडत, किंवा अक्षरांखाली टिंबं देत. मोठा भाग रद्द करायचा असेल तर त्याच्या सुरुवातीला 'वा' आणि शेवटी 'कात' लिहीत. दोन्ही मिळून 'वाकात', म्हणजे 'हे रिकामं समजा'. समासातली ही दोन तुटकी अक्षरं बेसावध लेखनिकाला कळली नाहीत, तर त्याच्या नकलेत रद्द मजकूर जिवंत राहतो. आपल्या दृष्टीने ते भाग्यच. जुना खर्डा त्यामुळे वाचतो.

हे सगळं एका ग्रंथात बघायचं असेल तर थॉमसनंतरच्या पिढीतला तत्त्वज्ञ डन्स स्कोटस घ्या. ज्ञानेश्वरी पूर्ण झाली त्याच्या पुढच्याच वर्षी, 17 मार्च 1291 रोजी, इंग्लंडात नॉर्थॅम्प्टनला त्याची धर्मगुरू म्हणून दीक्षा झाली. पीटर लोम्बार्डच्या 'वचनसंग्रह' या त्या काळच्या पाठ्यग्रंथावर तो आधी ऑक्सफर्डला आणि मग पॅरिसला शिकवत होता. त्याचे तीन थर आहेत: ऑक्सफर्डच्या पाठांच्या त्याच्या स्वतःच्या टिपा, त्या म्हणजे 'लेक्तुरा', पॅरिसच्या वर्गात ऐकणाऱ्यांनी उतरवून घेतलेला 'रेपोर्तात्सिओ', आणि प्रकाशनासाठी तो स्वतः घडवत असलेला 'ओर्दिनात्सिओ'. तो 8 नोव्हेंबर 1308 रोजी कोलोनला वारला तेव्हा हा शेवटचा ग्रंथ अपुराच होता. शिष्यांनी रिकाम्या जागा इतर थरांतल्या मजकुराने भरल्या. असिसीच्या ग्रंथालयातल्या 137 क्रमांकाच्या प्रतीत कुणीतरी हा मजकूर स्कोटसच्या स्वतःच्या वहीशी ताडून पाहिला आणि हे त्याने खोडलं आहे, हे मागून घातलं आहे, अशा नोंदी केल्या. तो माणूस कोण ते कळत नाही. पण 1938 मध्ये बालिच यांच्या नेतृत्वाखाली स्कोटसच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं, त्याचा मोठा आधार हीच प्रत.

क्रम लागल्यावरच सालाकडे या. आधी साल शोधायला गेलात तर क्रम त्या सालाला जुळवून घेण्याचा मोह होतो. साल देणाऱ्या खुणा बाहेरच्या जगातून येतात, आणि माझी सर्वांत आवडती खूण एका आकड्याची आहे. ॲरिस्टॉटलच्या 'मेटाफिजिक्स'च्या भागांना ग्रीक अक्षरांची नावं आहेत. त्यातला काप्पा हा भाग आधीच्या लॅटिन भाषांतरांत नव्हता. त्यामुळे त्यानंतरचा लाम्दा हा भाग अकरावा मोजला जाई. मोर्बेकेच्या विल्यम या भाषांतरकाराने काप्पाचंही भाषांतर केलं आणि लाम्दा बारावा झाला. थॉमस 1270 च्या आसपासपर्यंत 'अकराव्या भागात' म्हणतो, नंतर 'बाराव्या भागात'. एकच उतारा, आकडा वेगळा, आणि काळ हातात येतो. मात्र रोमन अंकांत अकरा आणि बारा यांत एका उभ्या रेघेचा फरक आहे. लेखनिक ती सहज गाळतो किंवा स्वतः शहाणपणाने दुरुस्त करतो. निदान तीन-चार स्वतंत्र प्रतींत तोच आकडा असल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

याच विल्यमने 18 मे 1268 रोजी प्रोक्लस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाच्या 'धर्मतत्त्वांच्या मूलसूत्रां'चं भाषांतर पुरं केलं. ते वाचल्यावर थॉमसला कळलं की 'लिबेर दे काउसिस' (कारणांविषयीचा ग्रंथ), जो पुष्कळ जण ॲरिस्टॉटलचा मानत, तो प्रोक्लसवरून बेतलेला आहे. ज्या पाठात हे ठाऊक आहे तो त्या तारखेनंतरचा. पॅरिसच्या बिशपने 7 मार्च 1277 रोजी 219 मतांचा निषेध केला. एखादं उत्तर अचानक सावध झालेलं दिसलं की ही तारीख आठवा. 18 जुलै 1323 रोजी थॉमसला संतपद मिळालं, त्यामुळे 'बंधू थॉमस' लिहिणारी प्रत आणि 'संत थॉमस' लिहिणारी प्रत यांच्यात एक रेघ ओढता येते. ही शेवटची खूण पाठापेक्षा प्रतीविषयीच बोलते, म्हणून पहिल्या रकान्यात.

स्कोटसच्या 'ओर्दिनात्सिओ'च्या प्रस्तावनेत 1300 हे साल आलं आहे. सीरियात डिसेंबर 1299 मध्ये इजिप्तच्या मामलुक सुलतानांचा पराभव झाला होता आणि ती बातमी 1300 मध्ये युरोपभर पसरली, तिच्याशी हा उल्लेख जोडतात. शनिवारी येणाऱ्या त्या मुलीने लगेच वहीत लिहिलं: 'ओर्दिनात्सिओ, 1300'. मी तिला खोडायला लावलं. त्या उल्लेखाने साल मिळतं ते त्या वाक्याचं. वाक्य नंतर घुसवलेलं असू शकतं, आणि ते मूळचं असलं तरी पुढचे भाग स्कोटस 1308 पर्यंत बदलत होता. तिने दुरुस्त केलं: 'प्रस्तावनेतलं हे वाक्य, 1300 च्या आधीचं नाही'. असंच लिहायचं, एक कड ठाऊक असेल तर एकच लिहायची.

एक फसवी जागा राहिली. पॅरिसमध्ये मान्यताप्राप्त ग्रंथविक्रेते मूळ प्रत सुट्या घड्यांमध्ये ठेवत. एकेका घडीला 'पेचिया' म्हणत, बहुधा चार पानांची, म्हणजे आठ पृष्ठांची. लेखनिक एक घडी भाड्याने नेई, उतरवून परत करी, पुढची नेई. भाडं किती हे ठरलेलं असे. 1304 ची अशी एक यादी आजही आहे. मला यात आमचे सोळा पानी फर्मेच दिसतात, म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून दुमडलेली पानं. आता समजा लेखकाने ग्रंथ सुधारला आणि विक्रेत्याने सात घड्या बदलल्या, बाकीच्या जुन्याच ठेवल्या. त्या महिन्यात नकल करणाऱ्याच्या हातात अर्धा जुना, अर्धा नवा पाठ पडला. तेव्हा 'ही प्रत पहिल्या खर्ड्याची' असं अख्ख्या प्रतीबद्दल म्हणू नका. समासात घडी संपल्याच्या बारीक नोंदी शोधा, बऱ्याचदा बांधणीत कापल्या गेलेल्या असतात, आणि निकाल घडीगणिक द्या. सुरुवातीला हे कळत नव्हतं तेव्हा एकाच प्रतीने मला सलग दोन महिने अडवलं होतं. दर वीस-बावीस पानांनी ती बाजू बदलायची आणि मी माझ्याच वाचनाला दोष देत होते.

जुनी पानं एकदा तरी प्रत्यक्ष पाहावीत. फोर्टात एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाच्या पायऱ्या चढून जा. तिथल्या संग्रहात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने दिलेलं दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'चं जुनं इटालियन हस्तलिखित आहे. त्याच काव्याच्या स्वर्गखंडात दान्ते थॉमसला सूर्यमंडळात भेटतो. ते पाहायची संधी रोज मिळत नाही, पण संस्कृत पोथ्यांचा ह. दा. वेलणकरांनी केलेला वर्णनात्मक कॅटलॉग चाळता येतो. पान किती, ओळी किती, शेवट काय, लेखनकाळ कोणता हे नोंदवायची शिस्त तो शिकवतो.

शनिवारी आम्ही 53 व्या अध्यायाचे तीन पाठ शेजारी शेजारी लिहिणार आहोत. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. डावीकडे खोडलेला पहिला, मध्ये खोडलेला दुसरा, उजवीकडे उरलेला. तिन्हींत सारखे राहिलेले शब्द पेन्सिलीने अधोरेखित करा, शाईने नको.